एकट्याने हसवण्याचा धीर

चारचौघांपुढे बोलायला उभे राहिले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते आणि पाठ केलेले ऐनवेळी आठवत नाही. लोकांना हसवू पाहणाऱ्याला ही भीती इतर वक्त्यांपेक्षा जास्त छळते, आणि त्याला कारणही आहे. व्याख्यान रंगले नाही तरी लोक माना डोलावतात, शेवटी टाळ्याही वाजवतात. विनोद पडला तर तो त्याच क्षणी, सगळ्यांदेखत पडतो. हशा आला नाही ही गोष्ट कोणालाच लपवता येत नाही. तरीही महाराष्ट्रात लोकांपुढे उभे राहून हसवण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. तिच्यात प्रत्येक काळाने विनोदकाराला धरायला काहीतरी दिले होते. कधी मागे उभे राहणारे साथीदार, कधी सोंग, कधी हातातला कागद, तर कधी नीट बांधलेली गोष्ट. आज स्टँडअप कॉमेडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात यातले जवळजवळ काहीच उरलेले नाही. म्हणून त्या भीतीचा विचार करायचा तर हे आधार कसे मिळाले आणि कसे सुटत गेले, ते पाहावे लागते.

कीर्तनकार एकटा बोलतो, पण एकटा उभा नसतो. वारकरी कीर्तनात त्याच्या मागे टाळकरी आणि मृदंगवादक असतात. बोलताना तो अडला, श्रोते ढिले पडले किंवा त्याला दम घ्यावासा वाटला, तर अभंगाचे चरण सगळे मिळून उचलतात आणि तेवढ्या वेळात त्याला पुढचा धागा सापडतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग अशी ठरलेली चौकट असते, तबला-पेटीची साथ असते आणि आख्यान आधी नीट लावलेले असते. त्या चौकटीत विनोदाला भरपूर जागा होती. गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी तर कीर्तनाचे सूत्रच श्रोत्यांच्या हाती दिले. ते वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारत, लोक उत्तरे देत, आणि त्या उत्तरांतूनच कर्ज, दारू, नवससायास यांतला वेडेपणा उघडा पडून हशा पिके. श्रोत्यांना बोलते केले की बोलणाऱ्याचे एकटेपण संपते, हे त्यांच्या कीर्तनात पुरेपूर दिसते. एकनाथांच्या भारुडांत आणखी एक सोय होती. तिथे सांगणारा स्वतःच्या नावाने बोलत नाही. तो वासुदेव होतो, जोशी होतो, वेडी होतो. लोक हसतात ते सोंगाला, माणसाला नाही.

सोंगाचा हा आधार तमाशातल्या सोंगाड्याने सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरला. गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने चालणाऱ्या खेळात सोंगाड्याला लिहिलेले संवाद फारसे नसत. गवळणीत तो पेंद्या होई, वगात राजाचा शिपाई किंवा गावचा इरसाल माणूस. बतावणीत सरदाराशी त्याची जुगलबंदी चाले. सरदार सरळ प्रश्न विचारी आणि सोंगाड्या तिरके उत्तर देई. या जोडीची रचना फार शहाणपणाची आहे. हशा आला तर तो सोंगाड्याचा असतो, आणि नाही आला तर सरदार पुढचा प्रश्न टाकून गाडी पुढे ढकलतो. ढोलकीची थाप, तुणतुण्याचा सूर आणि झीलकऱ्यांचा, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांचा, आवाज शांतता कधी साठू देत नाहीत. नवशिका पोरगा फडात आला की आधी झील धरी, सामान उचली, मग एखाद्या वाक्याचा शिपाई होई, आणि कित्येक वर्षांनी त्याच्याकडे बतावणी येई. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी हवालदाराच्या सोंगात जी कीर्ती मिळवली, तिच्यामागे घराण्यात चालत आलेली अशीच तालीम होती. कोकणातल्या दशावतारात संकासुर प्रेक्षकांशी ऐनवेळी सुचेल ते बोलतो. गोव्याच्या तियात्रात, ज्याचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये मुंबईत झाला, दोन प्रवेशांच्या मध्ये गायक एकटा पुढे येऊन राजकारण्यांची टर उडवणारे गाणे म्हणतो. तिथे वाद्यवृंद त्याच्या पाठीशी असतो.

मात्र काही ठिकाणी भीती हशा न येण्याच्या पलीकडची होती. सत्यशोधक जलसे आणि त्यानंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत. तमाशाचाच घाट घेऊन ते भटशाहीची, सावकारीची आणि अस्पृश्यतेची खिल्ली उडवत. ज्या गावात पाणवठाही वेगळा, तिथे चव्हाट्यावर उभे राहून वरच्या जातींच्या वागण्यावर लोकांना हसवणे हे खऱ्या अर्थाने जोखमीचे काम होते. मराठी विनोदी सादरीकरणाच्या इतिहासात या जलसेकरांना जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही.

शिकलेल्या शहरी समाजाची वाट वेगळी होती. सोंग न घेता, वाद्य न वाजवता, स्वतःच्या नावाने सभेत बोलणे ही त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकातली नवी गोष्ट होती. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या वर्तुळात स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली. तिच्या मराठी शाखेत, ज्ञानप्रसारक सभेत, तरुण मंडळी निबंध लिहून आणत आणि वाचून दाखवत. हातातला कागद हा सभाभीतीवरचा पहिला आधुनिक तोडगा म्हणता येईल. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि कागदाशिवाय बोलण्याला प्रतिष्ठा आली. शिवराम महादेव परांजपे यांनी या व्यासपीठीय भाषणात व्याजोक्ती आणली. स्तुतीच्या आवरणाखाली सरकारवर घाव घालणारे त्यांचे बोलणे ऐकायला लोक गर्दी करत. पण हे सगळ्यांना जमणारे नव्हते. इंग्लंडहून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न न सुचल्याने खाली बसले. त्यांनी घेतलेली फी परत केली, आणि हा प्रसंग पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिला. शिक्षण, पदवी आणि इंग्रजीवरचे प्रभुत्व यांतले काहीही त्या क्षणी त्यांच्या कामी आले नाही. उभे राहण्याची सवय ही स्वतंत्र गोष्ट आहे.

ती सवय मराठी मध्यमवर्गाला तीन ठिकाणी लागली. एक म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सव. १८९० च्या दशकात सुरू झालेल्या या उत्सवातल्या मेळ्यांनी आणि पुढे गल्लोगल्लीच्या मंडपांनी हौशी माणसाला वर्षातून एकदा हक्काचा रंगमंच दिला. समोर बसलेले लोक ओळखीचे, शेजारपाजारचे. चूक झाली तर चिडवतील, पण पुढच्या वर्षी पुन्हा उभेही करतील. नकला, पोवाडे, एकांकिका, विनोदी कविता यांतले कितीतरी जण या मंडपात पहिल्यांदा बोलले. महाविद्यालयांतली स्नेहसंमेलने त्याहून निर्दय होती. तिथे शेलापागोटी वाचली जात, हुर्यो उडवला जाई, आणि त्या गोंगाटात ज्याचा आवाज टिकला तो पुढे कुठेही टिकत असे.

तिसरी जागा म्हणजे शाळेचा वर्ग, आणि हिचे महत्त्व फारसे कोणी सांगत नाही. मराठीतल्या मोठ्या विनोदी वक्त्यांची आणि कथाकथनकारांची यादी काढली तर तिच्यात शिक्षकांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये आणि नंतर बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवले. द. मा. मिरासदार आयुष्यभर अध्यापक होते, शंकर पाटीलही शिक्षण क्षेत्रातले, आणि लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. दररोज चार-पाच तास कंटाळलेल्या, खोडकर मुलांपुढे उभे राहणारा माणूस काय शिकतो? मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणे, डोळ्याला डोळा देणे, लक्ष उडाले की ते परत आणणे, आणि हसले नाहीत तरी तास संपेपर्यंत उभे राहणे. सभाधीटपणाची याहून कसून तालीम दुसरीकडे मिळत नव्हती. अत्रे ‘झेंडूची फुले’ (१९२५) मधली विडंबने सभेत म्हणून लोकांना लोळवत, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शिवाजी पार्कवरच्या अफाट गर्दीला हसवत-चेतवत. तिथे भाषणाचे मुद्दे होते, प्रतिपक्ष होता, लोकांचा राग होता. विनोद हे त्या राजकीय भाषणाचे हत्यार होते, निव्वळ हसवणे हा सभेचा हेतू नव्हता.

तो हेतू घेऊन तिकीट लावणारा माणूस पुढच्या दशकात उभा राहिला. ‘बटाट्याची चाळ’ हे पु. ल. देशपांडे यांचे पुस्तक १९५८ चे. १९६१ मध्ये त्यांनी ते रंगमंचावर आणले आणि चाळीतली सगळी माणसे एकट्याने उभी केली. नेपथ्य नाममात्र, वेशभूषा बदलायची नाही, सोबत नट नाही. संपूर्ण संध्याकाळ एका माणसाच्या बोलण्यावर भरते आणि लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढून येतात, हे मराठी रंगभूमीला नवीन होते. या धाडसामागची तयारी मात्र लक्षात घ्यायला हवी. पुलंच्या हाती स्वतः लिहिलेला, वाक्यावाक्याला तोललेला मजकूर होता. नाटक, संगीत आणि चित्रपट यांतला अनुभव होता. १९५५ पासून त्यांनी आकाशवाणीत काम केले होते, आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी प्रयोगाची सगळी व्यवस्था काटेकोरपणे सांभाळलेली असे. आकाशवाणीचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. सोंगाड्याला उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत ओरडून पोचावे लागे. मायक्रोफोनने हलक्या आवाजात, एका माणसाशी बोलल्यासारखे हजारांशी बोलणे शक्य केले. वाक्य अर्धवट सोडणे, सुस्कारा टाकणे, क्षणभर थांबणे यांतूनही हशा निघू लागला. पुलंनी हे तंत्र पूर्णत्वाला नेले. याच मायक्रोफोनमुळे घाबरलेल्या माणसाचा कापरा श्वासही सगळ्यांना ऐकू जाऊ लागला, ही त्याची दुसरी बाजू.

त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार हे त्रिकूट गावोगाव कथाकथन करत हिंडत होते. पुढे व. पु. काळे यांनी शहरी नोकरदारांच्या कथा सांगत हा प्रकार आणखी पसरवला. कथाकथनात बोलणाऱ्याला गोष्टीचा आधार असतो. पुढे काय झाले याची उत्सुकता श्रोत्याला बांधून ठेवते, त्यामुळे दर वाक्याला हशा आलाच पाहिजे अशी सक्ती नसते. मिरासदार तर शांत चेहऱ्याने, काही विशेष घडतच नाही अशा थाटात गोष्ट सांगत आणि सभागृह कोसळत असे.

लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये या सगळ्याचा कळस केला. मराठवाड्यातल्या गावाचे वऱ्हाड विमानाने लंडनला निघते, आणि त्यातली ५२ पात्रे ते एकटे रंगवत. चालीतला बदल, आवाजातला चढउतार आणि एखादे उपरणे एवढ्यावर म्हातारीपासून पोरापर्यंत सगळे उभे राहत. या विक्रमाची गिनेस बुकात नोंद झाली. त्यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. पात्रे वाढवत नेणे हाही स्वतःला झाकण्याचाच एक प्रकार आहे. ५२ मुखवट्यांमागचा माणूस प्रेक्षकाला फारसा दिसत नाही.

मुखवटा काढण्याचे काम राम नगरकर यांनी केले, आणि आजच्या स्टँडअपचा मराठीतला खरा पूर्वज शोधायचा तर तो त्यांच्यात सापडतो. नगरकर पुण्यातले, न्हावी समाजातले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले. निळू फुले आणि दादा कोंडके हेही त्याच कलापथकातून पुढे आले. लोकनाट्यात जोडीदार असतो, वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्ये दादांना तो होता, आणि त्या भरवशावर ते ताज्या बातम्यांवरच्या कोट्या ऐनवेळी घालू शकत. नगरकरांनी ‘रामनगरी’ मध्ये स्वतःचे आयुष्य सांगायला घेतले. केशकर्तनालयातली गिऱ्हाइके, घरची गरिबी, जातीमुळे होणारे अपमान, लग्न, नाटकाचे वेड हे सगळे ते ‘मी’ म्हणून सांगत. पुस्तकाच्या जोडीने त्यांनी एकपात्री प्रयोग केले आणि १९८२ मध्ये त्यावर त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला. ज्या व्यवसायामुळे लोक कमी लेखत, तोच सभागृहाचा आवडीचा विषय झाला. इथे कल्पित चाळ नाही, वऱ्हाड नाही. हशा आला तर तो नगरकरांच्या जगण्यावर येतो, आणि थंडपणा आला तरी तो त्यांच्या जगण्यालाच मिळतो. हा धोका पत्करणारा विनोद त्याआधी मराठी रंगमंचाने क्वचितच पाहिला होता. नगरकरांचे नाव एकपात्रीच्या चर्चेत पुलं आणि लक्ष्मण देशपांडे यांच्या मागे पडते, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

बायकांची वाट या सगळ्यापासून दूर ठेवलेली होती. बतावणीत बोलणारा पुरुष, व्याख्यानमालेत बहुतेक पुरुष, कथाकथनातही तेच. बायकांचा विनोद घरात आणि आपसांत चाले. मंगळागौरीचे खेळ, भोंडल्याची सासर-माहेरची गाणी, विहिणींना चिडवणारी लग्नगीते यांत नकला आणि टवाळी भरपूर आहे, पण समोर फक्त बायका. लग्नात किंवा हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घेणे ही अनेकींच्या आयुष्यातली चारचौघांत मोठ्याने बोलण्याची पहिली आणि कित्येकींची एकमेव संधी असे. तरीही सुमन धर्माधिकारी यांनी ‘घार हिंडते आकाशी’ हा एकपात्री प्रयोग दीर्घकाळ केला, आणि १९८९ पासून सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ गावोगाव नेले. हे दुसरे नाट्य गंभीर आहे, पण रंगमंचावर बाई एकटी उभी राहून संपूर्ण सभागृह धरू शकते हे त्याने खेड्यापाड्यांत दाखवले.

मधल्या काळात मुंबईच्या ऑर्केस्ट्रांनी आणखी एक पिढी घडवली. दोन गाण्यांच्या मध्ये वाद्ये लावून होईपर्यंत नकलाकाराला पुढे पाठवत. वेळ थोडा, लोक गाण्याची वाट पाहत असलेले, आणि हाताशी नट-नेत्यांचे आवाज. जॉनी लिव्हर यांची सुरुवात याच वर्तुळातली. दुसऱ्याचा आवाज काढणारा लाजाळू माणूस स्वतःच्या आवाजात बोलायला घाबरतो, हे नकलाकारांच्या बाबतीत अनेकदा दिसते. २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत हिंगणघाटचे सुनील पाल विजेते ठरले आणि नकला-किश्श्यांची ही कला घरोघर पोचली. मराठी वाहिन्यांवरही स्पर्धा आल्या, पण तिथला विनोद लवकरच प्रहसनांकडे, म्हणजे पुन्हा जोडीकडे आणि सोंगाकडे वळला.

ज्याला जगभर स्टँडअप म्हणतात तो प्रकार अमेरिकेतल्या व्हॉडव्हिल खेळांतून आला. तिथेही आधी जोडीच होती, एक सरळ बोलणारा आणि एक विनोद करणारा. पुढे जोडीदार सुटला, साहित्य सुटले, आणि मायक्रोफोनपुढे एकटा माणूस उरला. १९६३ मध्ये न्यू यॉर्कला ‘इम्प्रोव्ह’, १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला ‘कॉमेडी स्टोअर’ आणि १९७९ मध्ये लंडनला त्याच नावाचा दुसरा क्लब निघाला. २०१० मध्ये या लंडनच्या क्लबची शाखा मुंबईत लोअर परळला उघडली आणि इंग्रजी-हिंदी स्टँडअपला शहरात हक्काची जागा मिळाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय डिजिटल पार्टीने, म्हणजे ‘भाडिपा’ने, मराठीत हा प्रकार यूट्यूबवरून आणि प्रयोगांतून रुजवायला घेतला.

या नव्या प्रकाराने जुने आधार काढून घेतले, पण एक नवा आधार दिला. तो म्हणजे ओपन माइक. नाव नोंदवायचे, यादीत नंबर लागला की जायचे, आणि चार-पाच मिनिटे बोलायचे. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. समोर बसलेल्यांत बरेचसे स्वतःच्या पाळीची वाट पाहणारे कॉमिकच असतात. इथे विनोद पडणे हे अपेक्षितच असते, त्यासाठीच ही रात्र आहे. घाबरलेला माणूस भराभर बोलतो, त्यामुळे पंच, म्हणजे हसवणारे शेवटचे वाक्य, गिळला जातो. हशा यायला लागणारा क्षणभराचा थांबा त्याला असह्य वाटतो आणि तो लोक हसायच्या आत पुढचे वाक्य सुरू करतो. तोच सेट वेगवेगळ्या रात्री म्हटला की कुठे थांबायचे ते कळते, फोनवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकून अनावश्यक शब्द गळतात, आणि होस्ट आधी सभागृह तापवून ठेवतो म्हणून पहिले वाक्य थंड हवेत पडत नाही. भीती जात नाही. धडधड, घाम आणि कोरड्या घशासकट बोलता येते, एवढे अनुभवाने कळते. सोंगाड्याला झील धरून, मास्तरला वर्गात उभे राहून जे वर्षानुवर्षांत मिळे, ते इथे पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांत मिळते. प्रेक्षकांशी प्रश्नोत्तरे करत रंगवण्याची आजची क्राउडवर्कची पद्धत गाडगे महाराजांच्या प्रश्नांहून हेतूने वेगळी आहे, पण त्यातही बोलण्याचे ओझे समोरच्यांत वाटले जाते.

मराठी ओपन माइक आज प्रामुख्याने मुंबई-पुण्यात होतात. लातूर, चंद्रपूर किंवा सावंतवाडीच्या तरुणाला व्हिडिओ पाहता येतो, पण उभे राहायला पाच मिनिटे मिळवणे कठीण आहे. तालुक्याच्या वाचनालयांकडे सभागृह आहे, महाविद्यालयांकडे स्नेहसंमेलन आहे, आणि गणेश मंडळांकडे दहा रात्रींचा मंडप आहे. त्यांतली एक रात्र पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी, बक्षीस आणि परीक्षक न ठेवता, मोकळी सोडावी.